कानातली कालवाकालव

रात्री पावणेदहाचा सुमार. माझ्या डोक्यावर दोन हेडफोन होते. एकाची डावी वाटी डाव्या कानावर आणि उजवी मानगुटीवर. दुसऱ्याची उजवी वाटी उजव्या कानावर आणि डावी कपाळावर. दोन्ही पट्ट्यांची टाळूवर फुली झालेली आणि त्या फुलीच्या भाराने चष्म्याच्या काड्या कानामागे रुतलेल्या. बायको काहीतरी विचारायला आत आली, माझ्याकडे बघितलं आणि न विचारताच परत फिरली. बाहेर आईला सांगितलेलं मात्र फटीतून ऐकू आलं. "कान दोनच आहेत, वाट्या चार लावल्यात. तरी हाक मारली की ऐकू येत नाही ते नाहीच."

ऐकू येत होतं हो. दुखणं तेच होतं. एका वेळी दोन ठिकाणचं ऐकू येत होतं आणि डोकं एकच होतं.

आता खुलासा करायला हवा. मी हॅम आहे. म्हणजे हौशी रेडिओचालक. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवलेला, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं अधिकृत नाव, असलेला. पूर्ण कॉलसाइन इथे देत नाही. का ते पुढे कळेल. सोसायटीत निम्म्या लोकांना मी 'वॉकीटॉकीवाले' म्हणून माहीत आहे आणि उरलेल्यांना 'गच्चीवर तार बांधणारे' म्हणून. ती तार ४० मीटरच्या बँडसाठी, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींसाठी आहे. मधोमध उंच, दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मीटर उतरती. तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत अशी विनंती मी केली होती. त्यावर सोसायटीच्या बैठकीत 'मग तारेचा उपयोग काय' असा प्रश्न आला आणि तो इतिवृत्तात नोंदवलेलाही आहे.

हॅम लोक आपल्या रेडिओच्या खोलीला शॅक म्हणतात. शॅक म्हणजे झोपडी. माझी शॅक ही कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटची बंद केलेली बाल्कनी आहे, म्हणजे झोपडीला जितकी जागा असते त्याच्या निम्मी. तिथे रेडिओ, कॉम्प्युटर, मी आणि लोणच्याच्या बरण्या असे चौघे राहतो.

तर दोन आवाज कशासाठी? मूळ कारण पुणे. ४० मीटरवर, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, संध्याकाळनंतर हुबळी, कोची, कोलंबो असं सगळं गप्पा मारायला जमतं. निदान जमत असावं. मला ऐकू येतो तो जिलब्या तळल्याचा आवाज. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, शेजारच्या इमारतीवरचं सौरऊर्जेचं प्रकरण, हे सगळे मिळून हवेत जो कचरा सोडतात, तो माझी ती वीस मीटरची तार इमानेइतबारे गोळा करून आणते. कुणी बोलत नसतानाही एस-मीटरचा, म्हणजे येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारा, काटा नवाच्या आसपास डुलत असतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की सगळं पुणं हळहळतं आणि मी बॅटरीवर रेडिओ लावून नाचतो. अख्ख्या बँडवर अशी काही शांतता पसरते की कोलंबोचा माणूस बोलता बोलता खोकला, तर आपण गरम पाण्याच्या गुळण्या सुचवाव्यात. पण गुरुवार आठवड्यात एकच.

यावर उपाय असा, की बोलायचं आपल्या रेडिओवरून आणि ऐकायचं दुसऱ्याच्या कानांनी. दूर कुठेतरी शांत गावात कुणा भल्या माणसाने रिसीव्हर ठेवून तो इंटरनेटला जोडलेला असतो. तो कॉम्प्युटरवर उघडायचा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा असा रिसीव्हर जगभरच्या हॅम लोकांना पाठ आहे. आपला आवाज सातासमुद्रापार पोचला की नाही, हे तिथे जाऊन आपल्याच कानांनी ऐकता येतं. आपलं लग्न दुसऱ्याच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं, पण समाधान होतं.

शिवाय कॉम्प्युटरवर एफटी८ असतं. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघा हॅमनी ही पद्धत काढली. पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळ्या. एका पाळीत आपण शिट्ट्या मारायच्या, पुढच्या पाळीत समोरच्याने. माणसाच्या कानाला जिथे फक्त खरखर लागते, तिथून कॉम्प्युटर कॉलसाइन उपसून काढतो. हे टेलर म्हणजे साधं प्रकरण नाही. १९७४ मध्ये हल्स यांच्यासह त्यांनी जोडीने फिरणारा पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओलहरी सोडणारा तारा, शोधला आणि १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल घेतलं. मग खरखरीतून बारीक आवाज ओळखायची ती विद्या आमच्यासारख्यांच्या कामी लावली. आता पल्सार म्हटलं की पुणेकराला नारायणगाव आठवायलाच हवं. तिथून जवळ खोडदला ४५ मीटर व्यासाची एकेक अशा ३० अँटेनांचा पसारा आहे. त्यांना हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची टिकटिक ऐकू येते. त्याच जिल्ह्यात मी राहतो आणि मला हुबळी ऐकू येत नाही.

म्हणून ठरवलं, की रेडिओ आणि कॉम्प्युटर दोघांचा आवाज एकाच हेडफोनात आणायचा. दोन्ही कानांत, सारखा कालवून. त्यात अवघड ते काय? घरात दोन वेळा भात कालवला जातो, त्याचं कुणी सर्किट काढत नाही.

तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड लागतं, त्याचा पाय बुधवार पेठेतल्या या गल्लीला एकदा तरी लागतोच. दुकानात पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दिलेला सल्लाही.' गल्ल्यामागचे गृहस्थ रेझिस्टर मोजत होते.

"दोन पिना आणि एक सॉकेट, अशी वायर आहे का?"

"एकाचे दोन करायचेत?"

"नाही. दोनाचं एक."

आता त्यांनी मान वर केली. "दोनाचं एक होत नसतं."

"का बरं?"

"लग्न झालंय ना तुमचं?"

वायर मात्र दिली. ६० रुपये घेतले. घरी येऊन एक पिन रेडिओत खुपसली, दुसरी कॉम्प्युटरमध्ये, सॉकेटात हेडफोन लावला. दोन्ही आवाज आले, पण तापातून उठल्यासारखे. रेडिओ वाढवला की कॉम्प्युटर घुसमटायचा, कॉम्प्युटर वाढवला की रेडिओ कण्हायचा.

दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी लँडलाइन बंद पडली की आधी कंपनीवर नाही, स्वतःवर चिडतात. त्यांना वायर दाखवली. ती त्यांनी दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तशी धरली.

"अरे, सोसायटीच्या दोन मोटारी तू एकाच पाइपला जोडल्यास, तर पाणी टाकीत जाईल का?"

"नाही जाणार?"

"पहिली मोटर दुसरीच्या नळीतून पाणी उलटं खाली ढकलेल. दुसरी पहिलीच्या. टाकी कोरडी ती कोरडीच."

हेडफोनचा आवाज काढणाऱ्या यंत्राचा स्वतःचा रोध जेमतेम काही ओहमचा. म्हणजे बिचाऱ्या रेडिओला हेडफोनपेक्षा कॉम्प्युटरच्या घरात घुसणं सोपं पडत होतं, आणि कॉम्प्युटरला रेडिओच्या. "दोघांच्याही दारात एकेक वॉचमन बसव," काका म्हणाले. वॉचमन म्हणजे रेझिस्टर. प्रत्येक वाटेवर ४७० ओहमचा एक बसवला. आता कुणी कुणाच्या घरात घुसेना. दोन्ही आवाज गुण्यागोविंदाने नांदू लागले. फक्त ऐकू येत नव्हते.

हिशेब केला. हेडफोन ३२ ओहमचा, त्याच्या आधी ४७० चा वॉचमन. म्हणजे निघालेल्या आवाजाच्या दाबातला सोळावा हिस्सा कानाशी पोचणार आणि बाकीचा सगळा वॉचमन खाणार. हे काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग? वॉचमन फुकट राबतो का? पुढे अ‍ॅम्प्लिफायर लाव."

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एलएम ३८६. आठ पायांचा एवढासा काळा किडा. हॅम लोकांत तो घराघरात सापडतो. झुरळासारखाच, संपता संपत नाही. तो बसवायला पत्र्याचा डबा हवा, कारण प्लॅस्टिकमधून रेडिओलहरी आरपार जातात. घरात पत्र्याचा डबा एकच होता. परदेशी बिस्किटांचा, गोल, निळा. त्यात बिस्किटं कधीच नसतात हे सगळ्या भारताला माहीत आहे. आमच्याही डब्यात सुया, दोरे, हुक आणि कुठल्या तरी जुन्या ब्लाउजची बटणं होती. ती मी अतिशय काळजीपूर्वक आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात हलवली आणि गोल डब्याला चार भोकं पाडली. दोन घुंड्यांसाठी, एक वायरींना, एक हेडफोनला. बायकोला हे त्याच दिवशी कळलं, कारण त्याच दिवशी माझ्या शर्टाचं बटण तुटलं. ते पुढचे दोन महिने तुटलेलंच राहिलं.

पण डबा दिसत होता झकास! डाव्या घुंडीने रेडिओ कमीजास्त, उजव्या घुंडीने कॉम्प्युटर. बटण दाबलं. "ऊंऽऽऽऽ."

दोन्ही घुंड्या शून्यावर आणल्या. "ऊंऽऽऽऽ." रेडिओ बंद केला, थांबला. चालू केला, परत. कॉम्प्युटरची पिन काढली, थांबला. घातली, परत. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात आई दूध घेऊन आली. आईचं वय ७८. तरुणपणी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. सवाईच्या मंडपात, थंडीत, भारतीय बैठकीवर कित्येक डिसेंबर काढलेले. तिने विचारलं, "काय रे, काय झालं?" मी उत्तर न देता हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.

तिने डोळे मिटले. चांगली अर्धा मिनिट ऐकत राहिली.

"तंबोरा कुठला रे हा?"

"तंबोरा नाही गं. बिघाड आहे."

"बरा लागलाय. पांढरी पाच आहे." मग किंचित मान तिरकी करून, "पण एवढासा चढा आहे."

मी हसलो आणि मग न राहवून तपासलं. घरातली वीज ५० हर्ट्‌झची. तिच्या गुणगुणाटात दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्‌झचा, सूर ठळक असतो. पेटीवरच्या पांढरी पाचचा तिथला सूर ९८ चा. दोन हर्ट्‌झनी चढा. मी मीटर घेऊन जे शोधत बसलो असतो, ते आईने दूध नासायच्या आत सांगितलं. वर म्हणाली, "आता बंद नको करूस, मी जरा सा लावते." आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी उभं राहून, डोक्यावर माझा हेडफोन घालून, तिने दहा मिनिटं खर्ज लावला. पलीकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींना फक्त आईचा आवाज ऐकू येत होता आणि तारांना जोडलेली आई दिसत होती. संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "सासूबाईंना बरं नाहीये का?"

काकांनी निदान एका वाक्यात केलं. "अर्थिंग दोन वाटांनी फिरतंय." रेडिओ आपल्या वाटेने जमिनीला जोडलेला, कॉम्प्युटर आपल्या. माझ्या डब्याने त्या दोघांची गाठ घातली आणि मधे जे वर्तुळ तयार झालं, त्यात विजेचा गुणगुणाट प्रदक्षिणा घालू लागला. वर्तुळ तोडायचं, पण आवाज तर जाऊ द्यायचा. त्यासाठी मधे छोटासा ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत, नुसत्या चुंबकाने एकमेकींना निरोप देतात. "आमच्या एक्स्चेंजमध्ये पोत्याने होते," काका हळहळले. "६०० ओहमचे, एकास एक. जुन्या मोडेममध्ये बघ, मिळेल."

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी सकाळी गेलो. मंगळवार पेठेतल्या त्या रस्त्यावर कुलपांशिवाय किल्ल्या, किल्ल्यांशिवाय कुलपं आणि दोघांशिवाय कपाटं असा सगळा संसार मांडलेला असतो. एका ताडपत्रीवर चार मोडेम पडले होते. डायल-अपच्या काळातले, लावताना किंकाळ्या फोडणारे.

"केवढ्याला?"

"शंभर द्या सायेब. चालूय."

चालू होता म्हणे! कशाला लावून बघितला असेल देव जाणे. तिथेच शंभराची नोट काढून निघायचं, तर मला आपलं ज्ञान दाखवायची हौस. "चालू नसला तरी चालेल हो. मला फक्त आतला ट्रान्सफॉर्मर हवाय."

त्याने मोडेम माझ्या हातातून अलगद परत घेतला. उलटासुलटा करून बघितला. "आत ट्रान्सफॉर्मर आहे? मग पाचशे."

चारशेला दोन घेतले.

साखरेच्या मोठ्या खड्याएवढा तो ट्रान्सफॉर्मर. कॉम्प्युटरच्या वाटेवर बसवला आणि 'ऊं' असा थांबला, जसा भजनात कुणी मधेच उठून पंखा बंद करावा. मी टाळ्या वाजवल्या. आई बाहेरून म्हणाली, "तंबोरा का बंद केलास?"

शांततेत मग आणखी एक गोष्ट ऐकू आली. रात्रीचे आठ. रेडिओ बंद होता. कॉम्प्युटर बंद होता. आणि डब्यातून एक बाई बारीक आवाजात बोलत होत्या. क्षणभर मला वाटलं, झालं, आता खरंच आपल्याला तपासून घ्यायला हवं. मग ओळख पटली. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्‌झ. लांब वायरींनी अँटेनाचं काम केलं होतं आणि आठ पायांच्या किड्याने, कुणी न सांगता, रेडिओचं. आईला बोलावून ऐकवलं. ती खूश झाली. "हा की रेडिओ! किती स्वच्छ लागतोय." मग टेबलावरच्या माझ्या रेडिओकडे बघून, "मग त्या एवढ्या मोठ्या पेटीचं काय काम?"

बायको म्हणाली, "आई, तेच मी गेली आठ वर्षं विचारतेय."

वायरींवर रेडिओलहरी अडवणाऱ्या फेराइटच्या गोळ्या चढवल्या, डब्याच्या तोंडाशी बारीक कपॅसिटर लावले, तेव्हा आकाशवाणी गेली. जाताना बरोबर आणखी एक विकार घेऊन गेली. मी बोलायला लागलो की माझाच आवाज डब्यातून बदकासारखा यायचा, तोही थांबला. हे एका संध्याकाळचं काम होतं असं वाटेल. तीन रविवार गेले. पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, बोट भाजणं सगळ्यांचं सारखंच असतं.

अखेर तो दिवस आला. डबा मुका, दोन्ही घुंड्या आज्ञाधारक. रेडिओ लावला, दूरचा रिसीव्हर लावला, दोन्ही कालवले. हुबळीचे गृहस्थ स्पष्ट ऐकू आले. दोनदा.

रेडिओतून "नमस्कार पुणे" आलं आणि सेकंदभराने कॉम्प्युटरमधून "नमस्कार पुणे." इंटरनेटचा आवाज वाटेत थांबत, चहा पीत येतो हे मी हिशेबातच धरलं नव्हतं. कीर्तनात बुवांनी ओळ टाकली की मागचे टाळकरी तीच धरतात, तसं प्रत्येक वाक्याचं चाललं होतं. बुवांची पुढची ओळ आणि टाळकऱ्यांची मागची एकमेकींत मिसळून जो काला होत होता, त्यातून कॉलसाइन वेचून काढायला जो टेलरच हवे होते. आणि मी बोललो, की माझंच शेवटचं वाक्य मागाहून मला चिडवायला यायचं. "सेव्हंटी थ्री" म्हणून निरोप घ्यावा, तर कानात कुणीतरी परत "सेव्हंटी थ्री." दोन्ही आवाज कालवले गेले होते, मला हवे होते अगदी तसे, आणि त्यातलं काहीही कळत नव्हतं.

आता कॉलसाइन लपवण्यामागचं कारण. हे लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला.

या सगळ्या भानगडीत कॉम्प्युटरचा आवाज डब्यात गेल्यामुळे त्याचे साधे स्पीकर मुके झाले होते. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. रेडिओ चालू होता आणि त्यावर व्हॉक्स चालू होतं. व्हॉक्स म्हणजे बटण दाबायला नको. मायक्रोफोनसमोर आवाज झाला की रेडिओ आपणहून प्रक्षेपण सुरू करतो, आवाज थांबला की ऐकायला लागतो. बायकोला मावशींचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप ऐकायचा होता, तिचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिने तो माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. आवाज येईना. तिने सरळ डब्याची पिन उपटली. स्पीकर खणखणीत बोलू लागले. मायक्रोफोनपासून एका वितीवर.

मावशी सांगत होत्या अळूची पातळ भाजी. पूर्ण. देठं सोलण्यापासून. दाणे आणि हरभऱ्याची डाळ आदल्या रात्री भिजत घालायची, अळू घोटून घ्यायचं, डाळीचं पीठ लावायचं, चिंच-गूळ सढळ हाताने, वरून मेथीची फोडणी. मावशींना थोडक्यात सांगायची सवय नाही. ४० मीटरचा बँड त्या संध्याकाळी फार छान उघडला होता.

निरोप संपला, व्हॉक्स सुटलं आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून एक पुरुषी आवाज आला. तो बेळगावचा होता हे नंतर कळलं, पण कळायची खरं तर गरज नव्हती.

"ताई, चिंच किती म्हटलासा?"

बायकोने इकडेतिकडे बघितलं. मग घाबरून नव्हे, स्वयंपाकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं एवढ्या सहजपणे, मायक्रोफोनच्या दिशेने म्हणाली, "लिंबाएवढी."

मी कप टाकून धावलो. तोवर दक्षिणेकडचे एक ज्येष्ठ हॅम अत्यंत गंभीर इंग्रजीत म्हणत होते, "स्टेशन सेंडिंग रेसिपी, प्लीज आयडेंटिफाय." आपलं कॉलसाइन सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. मी माइक हातात घेतला. घाम फुटला होता. माझी ओळख दिली, क्षमा मागितली, तांत्रिक अडचण आल्याचं सांगितलं. क्षणभर शांतता. मग बेळगाव परत.

"अडचण ऱ्हाऊ दे हो. गूळ बी तेवढाच काय?"

तेव्हापासून बँडवर माझी चौकशी होत नाही. आधी विचारतात, एक्सवायएल कशा आहेत? आमच्या भाषेत बायकोला एक्सवायएल म्हणतात. पूर्ण रूप 'एक्स यंग लेडी', म्हणजे एके काळची तरुणी. इतकी वर्षं मी तिला याचा अर्थ अर्धांगिनी असा सांगत आलो होतो. मुलीने एका मिनिटात मोबाइलवर शोधून खरा अर्थ वाचून दाखवला. त्या रात्री जेवायला काय होतं हे विचारू नका. मी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका डबा बघायला आले. झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले. रेझिस्टर, किडा, गोळ्या, ट्रान्सफॉर्मर.

"हेडफोन स्टिरिओ आहे ना तुझा?"

"हो."

"मग कालवतोयस कशाला?"

"म्हणजे?"

"अरे, ताटात डावं-उजवं असतं की नाही? चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. कुणी पहिल्या घासाला सगळं एकत्र करून घोटतं का? डाव्या कानात रेडिओ वाढ, उजव्यात कॉम्प्युटर. जेवणारा बघून घेईल, कधी काय घ्यायचं ते."

पिनेचं टोक म्हणजे डावा कान, त्यामागचं कडं म्हणजे उजवा, बूड दोघांचं सामायिक. दोन वायरी. त्यांच्या वाटा एकमेकींत शिरतच नाहीत, त्यामुळे वॉचमन नको. वॉचमन नाही, म्हणून किडा नको. बूड सामायिक असल्यामुळे तेवढा एक ट्रान्सफॉर्मर राहिला. अर्ध्या तासात जोडून झालं. डावीकडे हुबळी "नमस्कार पुणे" म्हणाली, सेकंदाने उजवीकडे म्हणाली, आणि गंमत म्हणजे त्याचा काहीच त्रास झाला नाही. ज्या बाजूला खरखर कमी, तिकडे लक्ष आपोआप जायचं.

बायको दारात उभी राहून बघत होती.

"डाव्या कानात रेडिओ?"

"हो."

"आणि उजव्या कानात कॉम्प्युटर."

"हो."

"हे तर तुम्ही पहिल्या दिवशी करतच होतात."

"तेव्हा हेडफोन दोन होते," मी म्हणालो. खर्चाचा हिशेब मी ठेवलेला नव्हता. तिने ठेवला होता.

निळा डबा तिला परत केला. त्यात सुया-बटणं पुन्हा विराजमान झाली. चार भोकांचं काय करायचं हा प्रश्न होता, तर तिने आत चार रिळं ठेवून एकेका भोकातून एकेक दोरा बाहेर काढला. पांढरा, काळा, मरून, राणी. आता म्हणे गुंता होत नाही. शर्टाचं बटण लावून मिळालं. ट्रान्सफॉर्मर साबणाच्या डबीत गेला.

आई मात्र दोन दिवस गप्प गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, की ते पांढरी पाच परत लावता येईल का. म्हणून रोज संध्याकाळी सहाला मी साबणाची डबी काढून ठेवतो आणि दोन्ही वायरी सरळ जोडतो. बारीक येतो, पण तिला पुरतो. साडेसहापर्यंत शॅक तिची. बेळगावला सांगून ठेवलंय, पावणेसातच्या आधी बोलवू नका.